तयारीचा शनिवार

साफुलेआ गावच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचे, म्हणजे प्रभूच्या आठवणीने घ्यायच्या द्राक्षरसाचे, साठ पेले होते. काचेचे, अंगठ्याएवढे. ते सगळे सौफोई धूत असे, मऊ फडक्याने पुसत असे आणि कपाटात उपडे लावून ठेवत असे. इतक्या वर्षांत तिच्या हातून फक्त तीन फुटले होते, आणि त्यातलाही एक मांजराने पाडलेला. पेल्याच्या कडेवरून तिला माणूस कळे. दुकानदारीणबाईच्या ओठांचा लाल ठसा, घाईघाईत अर्धा सोडणारा शाळामास्तर, शेवटच्या थेंबासाठी पेला हलवून हलवून पिणारा म्हातारा सालू. मंडळीतल्या कोणाची जीभ कशी आणि धीर किती, हे तिला पाळकांपेक्षा जास्त ठाऊक होते. पण बेचाळीस वर्षांत त्या साठांतला एकही पेला तिच्या ओठांना लागला नव्हता.

महिन्याच्या पहिल्या रविवारी उपदेश संपला की प्रभुभोजनाआधी एक गाणे होई. त्याच्या तिसऱ्या कडव्याला, जे मंडळीचे पक्के सभासद नाहीत त्यांनी गुपचूप बाहेर पडायचे, अशी रीत. बाहेर कोण पडे? पोरेटोरे. लग्नाआधीच एका चटईवर राहायला लागलेली जोडपी. मागच्या महिन्यात दारू पिऊन गावप्रमुखाच्या डुकराशी भांडलेला एखादा. आणि या सगळ्यांच्या मागून पांढरा झगा, पांढरी टोपी, हातात पंखा अशी सहासष्ट वर्षांची सौफोई. बाहेर ती पोरांना झाडाखाली बसवी, कोणाचे नाक पुशी, कोणाचा कान धरी, आणि आतले गाणे संपेपर्यंत त्यांचा आवाज वर चढू देत नसे. आता गावातल्या निम्म्या लोकांना वाटे, की पोरे सांभाळायलाच ती बाहेर जाते. गावाने तिच्या शिक्षेची नोकरी करून टाकली होती.

शिक्षा कशाची, हे ज्यांना आठवत होते ते बोलत नसत.

बेचाळीस वर्षांपूर्वी बेटावर पक्का रस्ता होत होता. बुलडोझर चालवायला पलीकडच्या बेटावरचा एक हसरा माणूस आला, आठ महिने राहिला, आणि रस्ता पुरा झाल्यावर त्याच रस्त्याने निघून गेला. सौफोईचे पोट दिसायला लागले. आमच्याकडे प्रत्येक घराण्याचा मंडळीत एक डीकन असतो. घरच्या माणसाचे नाव मंडळीत घालायचे, बाजूला ठेवायचे, पुन्हा आत घ्यायचे ते त्याच्याच तोंडून. सौफोईच्या घराण्याचे डीकन तिचे वडीलच होते. पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी, तयारीच्या शनिवारी, सगळे डीकन चर्चमध्ये जमतात. त्या बैठकीत ते उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या मुलीचं नाव एक वर्ष बाजूला ठेवा." वर्ष भरल्यावर त्यांनीच उभे राहून ते परत मागायचे होते. पण आठव्या महिन्यात छातीत कळ आली आणि ते गेले. उरलेले चार महिने त्यांनी कोणाच्याच हवाली केले नाहीत.

जागा नऊ वर्षे रिकामी राहिली. मग तिच्यापेक्षा तीन वर्षांनी धाकटा भाऊ, इसाको, डीकन झाला.

इसाकोबद्दल वाईट बोलायला जागा नाही. रोज संध्याकाळी त्याच्या घरची पहिली थाळी बहिणीकडे जाई. तारोचा कंद, मासा, नारळाचे दूध, वर केळीचे पान. वादळाने तिचे घर पाडले तेव्हा आपले अर्धवट ठेवून त्याने तिचे आधी उभे केले. तिची पोरगी सिनापाती ऑकलंडला नर्स झाली, ती त्याने पाठवली म्हणून. भावाने बहिणीसाठी काय काय करायचे, त्यातली एकही गोष्ट त्याने सोडली नव्हती. फक्त एक गोष्ट भावाने करायची नसते. बहिणीच्या अंगाची, पोटाची, पुरुषाची गोष्ट तिच्या कानांवर पडेल अशी काढायची नसते. तसली गोष्ट निघाली तर भाऊ खोलीतून उठून जातो. दुसऱ्या कोणी भावादेखत काढली तर त्याला गावाकडून डुकराचा दंड बसतो. म्हणून दुसरा डीकन तोंड उघडणार नाही. बाहेरून आलेल्या पाळकांना कोणी सांगणार नाही. आणि बहिणीने भावाला जाऊन विचारायचे, म्हणजे तर आभाळच कोसळायचे.

मग सौफोईने काय केले? तयारीच्या शनिवारी ती चर्चच्या खिडक्या पुसायला लागली. काचेच्या आडव्या पट्ट्यांच्या खिडक्या. दहा मिनिटांचे काम. बैठक सुरू झाली की ती शेवटच्या खिडकीपाशी पोचे आणि तिथल्या सहा पट्ट्या बैठक संपेपर्यंत पुरवी. पुढे एकेक डीकन उभा राहून नावे सांगे. अमक्याच्या मुलाला घ्या, तमकीचे नाव परत घ्या. इसाकोची पाळी आली की तो उभा राही. मागे एक नजर टाकी. घसा खाकरी. मग म्हणे, "आमच्याकडून काही नाही," आणि खाली बसे.

तेहतीस वर्षांचे पहिले शनिवार मोजा. सुमारे चारशे वेळा तो उभा राहिला आणि बसला. सुमारे चारशे वेळा सौफोईने फडके पिळले आणि घरी गेली. माझ्या भावाने माझ्याकडे पाहिले, तिने मनाशी धरले, आणि त्याला ते नाव तोंडात घेववले नाही. माणूस पवित्र आहे. पवित्र माणसाला नाही जमायचे. आणि भावाला जमत नाही, तर देवाला कुठून जमणार? देव तर इसाकोपेक्षा किती पटींनी पवित्र!

*

गेल्या मार्चमध्ये नवीन पाळक आले. एनोसा त्यांचे नाव, तिशीतले, मिशी न शोभणारी, पण ठेवलेली. त्यांची बायको तुमानू आपियाची, शहरातली, प्रश्न विचारायची खोड असलेली. पहिल्याच महिन्यात ती सौफोईबरोबर वेदीवरच्या कापडाला खळ घालायला बसली.

"मावशी, एवढी कडक खळ? कापड आहे का पत्रा?"

"देवाच्या मेजावर सुरकुती चालत नाही."

"देवाला दिसते सुरकुती?"

"देवाला न दिसो, दुकानदारीणबाईला दिसते."

तुमानू हसली. मग इस्त्रीत निखारे भरता भरता सहज विचारून गेली, "तुम्ही रविवारी बाहेर का जाता हो? पोरांना मी एखादी मुलगी बघून देते की."

सौफोईने कापडाचा कोपरा कोपऱ्याला जुळवला. पुन्हा उलगडला. पुन्हा जुळवला.

"जे पवित्र असतं ना बाई, त्याला आपला हात लागू नये."

"मग पेले तुम्हीच धुता ते?"

"तेव्हा ते रिकामे असतात."

"आणि तळाशी थेंब राहतात ते?"

"झाडाच्या मुळाशी ओतते. बोटाला लागला तर बोट धुते."

तुमानूने इस्त्री खाली ठेवली. "मावशी, देव पवित्र म्हणजे लांबचा, असं थोडंच आहे!"

"मग कसं आहे?"

तुमानूने इस्त्री पुन्हा उचलली. "ते... थांबा, ह्यांना विचारून सांगते."

तिने विचारले असणार, कारण दोन आठवड्यांनी पाळकांनी त्यावरच उपदेश केला. सौफोई मागच्या बाकावर होती. देव पवित्र आहे, म्हणून तो पाप पाहू शकत नाही, हे तिने चार पाळकांकडून ऐकले होते. पाचवा वेगळे काय सांगणार म्हणून ती पंख्याने वारा घेत कोणाची टोपी नवी ते बघत होती. तेवढ्यात पाळक म्हणाले, "आपल्याला कोणी दुखावलं की आपण तोंड फिरवतो. वर्षानुवर्षं फिरवतो. देव एका संदेष्ट्याच्या तोंडून सांगतो, की मी तसं करणार नाही. का करणार नाही? तर मी माणूस नाही म्हणून. मी पवित्र आहे, आणि तुमच्या मधोमध आहे म्हणून. पवित्र म्हणजे आपल्यासारखा नाही तो. रागातसुद्धा आपल्यासारखा नाही."

सौफोईचा पंखा थांबला. पवित्र आहे म्हणून रागावतो, असे म्हणायचे असणार बिचाऱ्याला. नवीन आहे, घाबरला, उलटे बोलून गेला.

घरी जाऊन तिने वडिलांचे जुने बायबल काढले. पाने झुरळांनी खाल्लेली, पण पाळकांनी सांगितलेली ओळ शाबूत होती. तिने ती चष्मा लावून वाचली, चष्मा पुसून वाचली. उलटे काही नव्हते. पाळक सरळच बोलले होते. इतकी वर्षे तीच उलटे ऐकत आली होती, की सांगणाऱ्यांनीच अर्धे सांगितले होते, हे तिला ठरवता येईना. थाळी घेऊन आलेल्या भाचीने विचारले, "आत्या, जेवत का नाही?" तर ती म्हणाली, "भूक आहे, थांब जरा."

*

ऑगस्टमध्ये इसाकोची मूत्रपिंडे थकली. पाय सुजले, तोंडाची चव गेली. ऑकलंडच्या मुलाने कागदपत्रे केली, तिकीट पाठवले. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी निघायचे ठरले. औषधपाणी तिथे, परत येणे न येणे देवाच्या हाती. डीकनची जागा थोरला मुलगा फिलेमू घेणार होता. फिलेमू चांगला पोरगा, पण आत्या झाडाखाली का बसते असे त्याला कोणी विचारले असते तर त्याने खुशाल सांगितले असते, "तिला पोरं आवडतात."

म्हणजे एक शनिवार उरला होता. सौफोईला हिशेब सांगावा लागत नसे. त्या शनिवारी इसाको बोलला तर बोलला. नाही तर तिचे नाव ज्या माणसांना ठाऊक होते, त्यातला बोलायचा हक्क असलेला शेवटचा माणूस विमानात बसून जाणार होता, आणि ती मरेपर्यंत, मेल्यावर पुरतानासुद्धा, मंडळीच्या बाहेरची राहणार होती. शेवटच्या खिडकीच्या पट्ट्या या वेळी आणखी सावकाश पुसायच्या, एवढेच तिला सुचत होते.

बुधवारी थाळी घेऊन भाची आली नाही. इसाकोची बायको लेपेका स्वतः आली, धापा टाकत, कारण लेपेकाचे वजन आणि तो चढ यांचे कधी जमले नव्हते. पायरीवर बसली, थाळी बाजूला ठेवली.

"वन्सं, या शनिवारी तुम्ही चर्चला जाऊ नका."

"का? खिडक्या कोण पुसणार?"

"मी पुसते सकाळी."

"तू? तुला खाली वाकता येत नाही की वर बघता येत नाही."

"मधल्या पट्ट्या पुसेन. तुम्ही नाही जायचं म्हणजे नाही जायचं."

सौफोईने तिच्याकडे पाहिले. लेपेका नजर चुकवणारी बाई नव्हती. चुलीवरचे आणि गावातले सगळे तिला तोंडावर बोलायची सवय. आज ती आपल्या पायांच्या अंगठ्यांशी बोलत होती.

"सरळ बोल गं लेपेका."

"सरळच बोलते. काल ह्यांना ताप होता. तापात बडबडले. म्हणाले, ताई अजून बसलीय का खिडकीपाशी? मी म्हटलं, कोण ताई, कुठली खिडकी? तर म्हणाले, ती मला गप्प ठेवायला बसते. दर महिन्याला मी उठतो, आणि दर महिन्याला ती मागे बसलेली असते, म्हणजे हा विषय काढू नकोस असं सांगते. तिची लाज आहे, ती म्हणेल तसं."

खाली रस्त्यावरून बस गेली, छतावर तारोच्या टोपल्या, आत मोठ्याने गाणी. ती वळणाआड गेली, गाणे ऐकू येईनासे झाले.

"मी गप्प ठेवायला बसते?" सौफोई म्हणाली.

"मग कशाला बसता?"

"ऐकायला."

लेपेकाने कपाळावर हात मारला. तो इतक्या जोराने बसला, की पायरीखालची कोंबडी उठून पळाली. "अगं बाई माझे! अहो, तुम्ही ऐकत असताना हे बोलतील कसे? तुमच्यादेखत? भाऊ ना ते तुमचे!"

"मला वाटलं, चर्चमध्ये चालत असेल."

"कुठेच चालत नाही! चर्चमध्ये तर नाहीच नाही." मग लेपेकाचा आवाज खाली आला. "तीस वर्षं मी रोज थाळी भरली. एकदा जरी विचारलं असतंत..."

"तुला विचारलं असतं तर तू त्याला सांगितलं असतंस. त्याला कळलं असतं मी विचारलं म्हणून."

"हो," लेपेका म्हणाली. "तेही आहेच."

ती उठली, गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली. "मी आले होते हे त्यांना कळता कामा नये. आणि शनिवारचं काय झालं ते मला विचारू नका. मलाही नाही कळायचं. डीकन घरी सांगत नसतात." जाता जाता वळून म्हणाली, "जेवा. मासा गार झाला की वास मारतो."

*

शनिवारी दुपारी ओहोटी होती. सौफोई टोपली घेऊन प्रवाळाच्या सपाटीवर गेली, म्हणजे कोणी पाहिले तर शिंपले वेचायला गेली म्हणेल. शनिवारी तिथे कोणी नसते. बायका घरी रविवारची तयारी करतात, पुरुष चुलीचे दगड जमवतात. घोट्याएवढ्या पाण्यात ती एकटी, आणि किनाऱ्यावर माडांच्या वर चर्चचे लाल छप्पर.

चर्चच्या दारात गॅसचे रिकामे नळकांडे टांगलेले आहे, तीच आमची घंटा. बैठक सुरू होताना ते तीनदा वाजते, संपताना एकदा. तीन ठोके तिला ऐकू आले. पहिल्यांदाच ते बाहेरून ऐकले, पहिल्यांदाच तिच्या हातात फडके नव्हते. हात कुठे ठेवावेत ते कळेना म्हणून तिने खरोखरच शिंपले वेचायला सुरुवात केली.

साधारण अर्ध्या तासात बैठक उरकते. कोणाच्या पाळीला किती वेळ लागतो ते तिला पाठ होते. आता सालू. सालू उगाच लांबण लावतो. आता मास्तर, दोन वाक्यांत मोकळा. आता दुकानदार. आता इसाको उठला असेल. मागे पाहिले असेल. खिडकीपाशी कोणी नाही.

आणि तिथे कोणी नाही हे पाहून त्याला काय वाटले असेल? ताई कंटाळली, असे तर वाटले नसेल? की आजारी आहे, असे? की मी जातोय म्हणून रुसली? हे आधी तिच्या मनातच आले नव्हते. ती सपाटीवर उभी राहिली तशी राहिली. धावत जावे, खिडकीपाशी बसावे, असे एक क्षण पायांत आले. पण बसले तर तो बोलणार नाही, आणि न बसले तर तो काय समजेल हे देवालाच माहीत.

"देवालाच माहीत," ती मोठ्याने म्हणाली. पाण्यात दुसरे कोणी नव्हते, म्हणून जे म्हटले ते त्यालाच उद्देशून झाले.

आयुष्यभर तिने देवाला असे काही सरळ विचारले नव्हते. रोज संध्याकाळी शंख वाजला की घराघरातून प्रार्थना होते तशी ती एकटीची करी, भाताची वाफ जाऊ द्यावी तशी. विचारणे म्हणजे त्याच्या डोळ्यांसमोर उभे राहणे, आणि ते तिने टाळले होते, ओळखीच्या सावकाराला टाळावे तसे. ती त्याच्यासाठी बाजूला राहिली होती. आपला डाग त्याच्या मेजाला लागू नये म्हणून. तो पवित्र होता ना. मग आता हे पाळकाचे पोर म्हणते, तो पवित्र आहे म्हणूनच तोंड फिरवत नाही. म्हणजे इतकी वर्षे तो तिच्याकडेच तोंड करून बसला होता की काय? आणि ती मात्र उठून बाहेर जात राहिली, तिसऱ्या कडव्याला, पोरे घेऊन?

"तुलाही असंच वाटलं का," ती म्हणाली, "की हिला विषय नकोय?"

एक खेकडा टोपलीच्या कडेवर चढला आणि पडला. अर्धा तास केव्हाच उलटला होता. पाणी घोट्यावरून पोटरीला आले. नळकांडे वाजत नव्हते. पाऊण तास झाला. एवढा वेळ कशाला? वाद झाला? कोणी हरकत घेतली? इसाकोला भोवळ आली? पाणी गुडघ्याला लागले, झगा भिजला, तरी ती परतेना, कारण किनाऱ्याकडे जाणे म्हणजे चर्चकडे जाणे.

पाणी मांड्यांना लागल्यावर नळकांडे एकदा वाजले.

*

रात्री कोणी आले नाही. रविवारी सकाळीही कोणी काही बोलले नाही. पाळकांना वाटले, घरचे सांगतील. घरच्यांना काही माहीत नव्हते. इसाको बैठकीहून येऊन भिंतीकडे तोंड करून झोपला होता. तुमानू चर्चच्या दारात सगळ्यांसारखीच सौफोईला म्हणाली, "बरं आहे ना मावशी?" आणि पेटीवाल्याला काहीतरी सांगायला धावली. सौफोई मागच्या बाकावर जाऊन बसली. समोर पांढऱ्या टोप्यांची रांगच रांग, आणि उजवीकडे डीकनांच्या बाकावर इसाकोची मान, गळपट्ट्यात सैल झालेली.

उपदेशातले तिला काही ऐकू आले नाही. मग गाणे सुरू झाले. पहिले कडवे. दुसरे. पोरे चुळबुळायला लागली, तिच्याकडे पाहायला लागली.

नाव घेतले गेले नसेल आणि ती बसून राहिली, तर सगळ्या मंडळीदेखत प्रभूच्या मेजावर घुसलेली बाई. इसाकोच्या शेवटच्या रविवारी त्याच्या तोंडाला काळे. नाव घेतले गेले असेल आणि ती उठून गेली, तर त्याने जे काही सोसून म्हटले ते तिने भर चर्चमध्ये नाकारले असे होणार. दोन्हीतले काय खरे, हे त्या छपराखाली बारा डीकनांना ठाऊक होते, आणि बाराच्या बारा माना समोर.

तिसरे कडवे लागले. पोरे उठली, जोडपी उठली. एका पोराने जाताना तिच्या झग्याला हिसका दिला. "चल ना आजी!"

सौफोईने दोन्ही हातांनी बाकाची कड धरली. पोर पुढे गेले. दार लागले.

दोनच मिनिटांत बाहेर दंगल उसळली. कोणीतरी नळकांड्यावर दगड मारला. कोणीतरी कोणाला तरी डुक्कर म्हणाले, तो रडायला लागला, त्याचे कुत्रे भुंकायला लागले. पाळक प्रार्थनेच्या मधोमध थबकले. पांढऱ्या टोप्या एकेक करून मागे वळल्या. इतक्या वर्षांत प्रभुभोजनाच्या वेळी असा गोंधळ कोणी ऐकला नव्हता. तेव्हा त्यांना बाकावर बसलेली सौफोई दिसली. दुकानदारीणबाईचे लाल तोंड उघडेच राहिले. तुमानू मात्र उठली, फाटकन बाहेर गेली, आणि बाहेरचा आवाज बंद झाला.

भाकरीचे आणि पेल्यांचे तबक घेऊन डीकन निघाले. डावी बाजू मास्तरांची, उजवी इसाकोची. सौफोई डाव्या बाजूला बसली होती. मास्तर बाकामागून बाक करत शेवटून दुसऱ्या बाकापर्यंत आले, आणि तबक घेऊन परत फिरले.

तिने डोळे मिटले. संपले. आता उठायचे कसे, एवढाच प्रश्न होता.

मग तिला सुजलेल्या पायांची फरपट ऐकू आली. ती ओळखायला डोळे उघडावे लागत नव्हते, तरी उघडले. इसाको आपली बाजू सोडून मधल्या वाटेने येत होता. फिलेमू आधार द्यायला अर्धा उठला; त्याने मानेने नको म्हटले. शेवटच्या बाकापाशी येऊन त्याने तबक पुढे धरले. तबकातले पेले एकमेकांवर आपटून वाजत होते. त्याने तिच्याकडे पाहिले नाही. भावाने पाहायचे तसे, तिच्या टोपीच्या वर, भिंतीकडे पाहिले. ती हात पुढे करीपर्यंत तो तसाच उभा राहिला. तिला बराच वेळ लागला. तो हलला नाही.

तिने भाकरीचा तुकडा घेतला. पेला घेतला. रस पातळ होता; तुमानूने पाणी जास्त घातले होते. घसा भाजला नाही, आभाळ फाटले नाही. इसाको वळून आपल्या बाजूला गेला, कारण तिकडचे अजून तीन बाक राहिले होते.

*

सोमवारी ट्रक निघताना सगळे कुटुंब रस्त्यावर होते. इसाकोला पुढे बसवले होते, मांडीवर उशी. सौफोई खिडकीजवळ गेली.

"ताई, छपराचा पत्रा मागच्या बाजूला गळतोय. फिलेमूला सांगितलंय."

"बरं. मीठ खाऊ नकोस."

"नाही खात."

"तिकडे गार असेल. सिनापाती स्वेटर घेऊन येईल विमानतळावर."

"हो."

आणखी बोलण्यासारखे पुष्कळ होते, त्यातले एकही बोलायचे नव्हते. तिने खिडकीच्या कडेवर हात ठेवला होता. त्याने त्याच्या शेजारी, दोन बोटांचे अंतर सोडून, आपला ठेवला. मग ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

मागे सामानावर लेपेका बसली होती, ती बोटीपर्यंत पोचवायला जाणार होती. ती वाकून कुजबुजली, आणि लेपेकाची कुजबुज म्हणजे अर्ध्या गावाला ऐकू जाई. "वन्सं, आता बायकांत सगळं पसरलंय. पाऊण तास बोलत होते हे. रडले म्हणे. काय काय म्हणाले, सांगू?"

"नको," सौफोई म्हणाली.

"एक वाक्य तरी?"

"नको गं. मी नव्हते ना तिथे."

ट्रक गेला. लोक पांगले. आज घरी संध्याकाळची थाळी पोचवायची आठवण फिलेमूच्या बायकोला राहील की नाही, कोण जाणे, नवी आहे. सौफोई चढ चढून वर आली आणि पायरीवर बसली. खाली पक्का रस्ता दोन्ही बाजूंना रिकामा होता. शंख वाजला, तशी ती आत गेली, चटई पसरली, आणि प्रार्थनेचे पहिले शब्द म्हणण्याआधी, शेजारी दुसऱ्याला बसता येईल एवढी बाजूला सरकली.